बाकावरचे नाताळतज्ज्ञ

बाळांनो, नाताळचं झाड ही ख्रिस्ताच्याही आधीची रूढी, म्हणून यंदा ते लावणार नाही, असं तुम्ही कळवलंत. तेव्हा आमच्या नोएडातल्या बागेतल्या एका गृहस्थांबद्दल आताच लिहायला हवं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

रोज सकाळी ते माकडटोपी घालून बाकावर प्राणायाम करतात आणि एक नाकपुडी दाबूनच माझं ज्ञान वाढवतात. "बहनजी, पच्चीस दिसंबर तो सूरज का त्योहार था. पेड़ भी पुराना. सब दूसरों का माल!"

गेल्या नाताळात मी त्यांच्यापुढे करंज्यांचा डबा धरला. नाकपुडी तत्काळ सुटली. दोन करंज्या संपवून म्हणाले, "अरे, ये तो हमारी होली की गुझिया है!"

"मतलब ये भी दूसरों का माल?" मी विचारलं.

त्यांनी मिशीवरचा चुरा झटकला आणि तिसरी उचलली. "नहीं जी. जिसने बैठकर बेली, उसी की."

झाडाचं तुम्ही ठरवा. माझ्या पणजीने बाप्तिस्मा घेतला, पण दिवाळीची करंजी सोडली नाही. ती नाताळात तळू लागली. आपल्या घरी ती अजून तळली जाते.