अजून एक मीटिंग पुरेल

पवनानगरचा धम्मदीप पोटासाठी नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला, चिमाबाईला, चार वर्षांत नीटसं उमगलेलं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात बॅटरीचं नखाएवढं चित्र असतं, ते तो काढायचा. एवढ्याशा चित्राला एक इंजिनिअर आणि वर दोन साहेब लागतात, हे तिला जरा जास्तीचंच वाटायचं. शेजारच्या भामाबाईनं विचारलं, की ती ‘कॉम्प्युटरचं बघतो’ म्हणायची आणि विषय भाताच्या रोपांवर न्यायची.

अशात कंपनीनं सगळ्यांना हिंजवडीच्या ऑफिसात परत बोलावलं. घरी बसून ज्याचं काम उत्तम चालतं, त्याला तेवढी सूट. म्हणजे धम्मदीपचं नवं चित्र त्याच्या वरच्या राजेश्वरी मॅडमना आवडलं तर तो घरी राहणार. नाहीतर रोज सोमाटण्यापर्यंत जीप, पुढं बस. आणि जीप शिटं भरल्याशिवाय हलत नाही.

नवी कल्पना खरं तर चिमाबाईचीच. बॅटरी सत्तावीस टक्के उरलीय, असं तो एकदा तिला कौतुकानं दाखवत होता. ती गॅसची टाकी तिरकी करून बघत होती.

“सत्तावीस म्हंजी काय रं? काम व्हईल का न्हाई, ते सांग की. हे बघ, ह्यात आमटी व्हईल, भाकरी न्हाई व्हायच्या.”

धम्मदीपनं टक्के काढून टाकले. त्याचं चित्र आता माणसाच्या सवयी बघून सरळ बोलू लागलं: ‘एक पत्र लिहून होईल, लांबवू नका.’

मॅडमनी मीटिंग ठेवली गुरुवारी अकराला. गुरुवारी सकाळीच लाईट हक्कानं जाते, हे सगळ्या मावळाला ठाऊक आहे. मॅडमना ते सांगणं म्हणजे हिंजवडीचं तिकीट आपल्या हातानं फाडून घेणं. धम्मदीपनं ‘चालेल’ कळवलं. गुरुवारी लाईट गेलीच, आणि तो फोनच्या नेटवर मीटिंगला बसला. अकराला चित्र म्हणालं, ‘अजून एक मीटिंग पुरेल.’ आजवरच्या मीटिंगा मोजून त्यानं एका मीटिंगचा हिशेब चाळीस मिनिटांचा धरला होता.

पण चित्र मॅडमना फारच आवडलं. त्यांनी कौतुक सुरू केलं ते थेट स्वतःच्या लहानपणच्या टॉर्चपासून. टॉर्चवरून त्या कॉलेजात आल्या. आपलं कौतुक कुणीतरी थांबवावं असं धम्मदीपला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं, पण ते थांबवायचं कुठल्या तोंडानं? पंचेचाळिसाव्या मिनिटाला सगळ्यांच्या समोर, भर पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आता आवरतं घ्या.’

असं मॅडमना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या थांबल्या. वाचलं. हसू फुटतंय न फुटतंय, तोच लॅपटॉप बंद पडला.

दुपारी फोनवर निरोप आला. चित्र मंजूर, ‘आवरतं घ्या’ सकट. इतक्या गुणी माणसाला या कामाचा प्रमुख नेमलंय. मात्र त्याच्या घरी लाईटचं काही खरं दिसत नाही, तेव्हा सोमवारपासून त्यानं ऑफिसातच यावं.

त्यानं आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“तितं लाईट जाती?”

“न्हाई. खाली भलंमोठं जनरेटर हाय.”

“मंग तितं बॅटरी किती उरली ते बघतंय कोण?”

धम्मदीपनं चपला घातल्या आणि सोमवारची पहिली जीप किती वाजता निघते, ते विचारायला तो स्टँडवर गेला.