ऊटाबाईंच्या मापाची गाडी

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी एक स्पॅनर हरवतो आणि एक किस्सा जमा होतो. स्पॅनर काही परत मिळत नाहीत, किस्से मात्र वाढतच चाललेत!

गॅरेज डीटर आणि ऊटा या सत्तरी ओलांडलेल्या नवरा-बायकोचं. मी एरवी ऑफिसात गिअरबॉक्स डिझाइन करते, सुट्टीला इथे ग्रीसमध्ये हात घालते. गाडी एकच. डीटरने तरुणपणी डिझाइन केलेली रेसिंग कार. एक सीट, चारही चाकं उघडी, आणि चालवणार ऊटाबाई!

* * *

डिझाइन करताना डीटरने सीटचं माप घेतलं ते ऊटाचं. तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं. पुढे एक नामांकित ड्रायव्हर ट्रायलला आला. कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला! दोघांनी ओढून बाहेर काढलं, तेव्हा तो म्हणाला, "गाडी फर्स्टक्लास आहे. पण हिचं कुठेतरी जमलेलं दिसतंय!"

* * *

माझे सासरे पुण्याहून आले होते. गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "अगं, हिला मडगार्डच नाही! चिखल उडत असेल की!"

मी जर्मनमध्ये सांगितलं. ऊटाबाई ताबडतोब म्हणाल्या, "गेनाऊ! अगदी बरोबर! उडतो ना. मागच्यांवर!"

* * *

एकदा आम्ही चक्क रविवारी इंजिन सुरू केलं. जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी, साधं ड्रिल मशीन लावायची सोय नाही! शेजारचे आजोबा तणतणत आले. आम्ही माफी मागायच्या तयारीत.

"बंद काय करता? परत लावा! एक सिलिंडर मिस होतोय!"

* * *

आणि यंदाची घाटातली जुन्या गाड्यांची शर्यत!

याच घाटात ऊटाबाई तरुणपणी पहिल्या येता येता राहिल्या होत्या. तेव्हा ड्रायव्हरशी बोलायला गाडीत रेडिओ नव्हता, निरोप पाटीवर लिहून दाखवायचे. शेवटच्या वळणावर डीटरने 'हळू' अशी पाटी धरली, ऊटाने ब्रेक दाबला आणि नंबर गेला. त्यावरून दोघं अजून भांडतात!

यंदाही डीटर पाटी घेऊन त्याच वळणावर. मी वर फिनिशपाशी. इंजिनाचा आवाज चढत आला, वळणावर जराही उतरला नाही, आणि गाडी सुसाट माझ्या समोरून गेली. गटात पहिली! मी अक्षरशः नाचले!

डीटर धापा टाकत वर आला. ऊटाबाईंनी हेल्मेट काढलं. "काय रे, आज पाटी का नाही दाखवलीस?"

"कशी दाखवणार? दोन्ही हात डोळ्यांवर होते!"