पाठीला पाठ लावून बसलेले देश

माझे वडील परराष्ट्र खात्यातून निवृत्त झाले तेव्हा घरी परत आले ते दोन बॅगा आणि एक सवय घेऊन. कोणताही प्रश्न विचारला की उत्तराआधी थोडं थांबायचं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी रशिया, चीन आणि त्यांच्या मधल्या थंडगार राजधान्यांत काढली होती. राजदूत काही ते झाले नाहीत, पण राजदूतांची भाषणं मात्र तेच लिहायचे.

निवृत्तीनंतर एका वाहिनीने त्यांना चर्चेला बोलावलं. निवेदकाने विचारलं, “युद्ध होणार का? हो की नाही, एका शब्दात सांगा.” बाबा सवयीप्रमाणे थांबले. ते उत्तर देण्याआधीच जाहिराती लागल्या. परत काही त्यांना बोलावणं आलं नाही. त्यावर सगळ्यात जास्त बाबाच हसले, पण मग दिवसभर करायचं काय, हा प्रश्न उरलाच. स्वयंपाकघरात येऊन ते मला भांडी कशी लावावीत ते सांगू लागले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना आवरणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. शेवटी मीच कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन शब्द टाकला आणि शनिवारची व्याख्यानं ठरली.

पहिल्या शनिवारी जेमतेम दोन रांगा भरल्या. भिंतीवर आशिया-युरोपचा मोठा नकाशा लावून बाबा म्हणाले, “रशिया आणि चीन गळ्यात गळा घालून बसलेत असं लोकांना वाटतं. तसं नाही. ते पाठीला पाठ लावून बसलेत. एकाला युरोपकडे बघायचंय, दुसऱ्याला समुद्राकडे. मागून धक्का बसणार नाही एवढी खात्री दोघांना हवी आहे. पाठ टेकली म्हणून मनं जुळली असं समजू नका.”

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, “पण साहेब, दोन पाठींच्या मध्ये चेंगरतंय कोण?”

विचारणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना भूगोलबाई म्हणायचं. त्या तडक नकाशापाशी आल्या आणि कझाकस्तानवर हात ठेवून म्हणाल्या, “हा एवढा थोरला देश तुम्ही नुसता ओलांडून गेलात. इथे माणसं राहतात. ती दोघांशी व्यापार करतात, दोघांकडून रस्ते बांधून घेतात आणि तिसऱ्यालाही चहाला बोलावतात. मोठ्यांचं नातं टिकतं की तुटतं हे पुष्कळदा हेच ठरवतात.”

“बाई, लहान देशांना तेवढी मोकळीक कोणी देत नाही.”

“देत नाही. ते ती काढून घेतात.”

 त्या दिवशी ताटावरून उठताना बाबा म्हणाले, “बाईंच्या बोलण्यात दम आहे. पुढच्या शनिवारी बघतो त्यांच्याकडे.”

पुढच्या शनिवारी ते बघण्याची संधी त्यांना मिळाली आणि त्याच्या पुढच्याही. वाद ऐकायला गर्दी होऊ लागली. खुर्च्या पुरेनात, तेव्हा लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले. कार्यक्रम संपल्यावर दोघं समोरच्या हॉटेलात चहा घेत आणि तिथेही त्यांचं चालूच असे. शुक्रवारी संध्याकाळी बाबा स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करू लागले तेव्हा माझ्या लक्षात यायचं ते आलं.

मागणी घालतानाही त्यांचं खातं सुटलं नाही. बाईंनीच मला नंतर सांगितलं. बाबा म्हणे, “दोन्ही बाजूंच्या हिताचा, दीर्घ मुदतीचा काही विचार करता येईल का?”

बाई म्हणाल्या, “साहेब, लग्नाचं विचारताय ना? मग सरळ विचारा.”

बाबांनी सरळ विचारलं. तेही न थांबता.

नोंदणी कार्यालयात सही करून आठवड्याभरातच दोघं प्रवासाला निघाले. त्यांना चीनमधून रेल्वेने मध्य आशियात उतरायचं होतं. सरहद्दीवरून बाबांचा फोन आला. चीनच्या रुळांमधलं अंतर कमी आणि पलीकडे कझाकस्तानात अजून रशियाच्या मापाचं, जास्त, म्हणून गाडीचे डबे जॅकवर उचलून खालची चाकं बदलत होते आणि हे दोघं माणसांसकट उचललेल्या डब्यात बसून बोलत होते.

“बघ,” बाबा म्हणाले, “मैत्रीच्या एवढ्या गप्पा, पण रूळ कोणीच बदलला नाही. शेजाऱ्याची गाडी थेट आत यायला नको, हे दोघांनाही सोयीचं आहे.”

बाईंनी फोन ओढून घेतला. “आणि चाकं बदलणारी माणसं दिसत नाहीत ह्यांना. थंडीत उभी आहेत बिचारी, आणि तरी आमच्याकडे बघून हात हलवतायत. रूळ वेगळे असूनही गाडी जाते ती त्या माणसांमुळे. हे का नाही सांगत?”

“सांगणार होतो,” मागून बाबांचा आवाज आला, “तुम्ही बोलू द्याल तर.”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि कणीक मळत सगळं ऐकलं. शेवटी कोण हरलं ते कळलं नाही. फोन बंद करायचं मात्र दोघंही विसरले होते. पलीकडे डबा खाली टेकल्याचा आवाज आला, “बाई, तुमचा चहा माझ्या इस्त्रीच्या शर्टावर!” असं बाबा ओरडले आणि दोघं इतके हसले की शेजारचे प्रवासीही हसू लागले.