भिंत चाटणारी भेकरं

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. हिवतापाच्या मोहिमेत मी मुळशीच्या खेड्यांतून घरोघर डीडीटी फवारत हिंडायचो. ताम्हिणीजवळच्या एका वाडीत एक म्हातारी मागच्या भिंतीला पाठ लावून उभीच राहिली.

"हितं न्हाई मारायचं औषध. माझी भेकरं ही भिंत चाटत्यात."

भेकर म्हणजे शेळीएवढं हरिण. त्यांच्यासाठी ती भिंतीवर रोज मिठाचं पाणी शिंपडायची. मी हसलो, तसं तिनं मला मागच्या दारात बसवलं आणि हातावर नाचणीची भाकरी ठेवली. "खावा, आन् गुमान बघा."

ऊन कलल्यावर परसात तीन भेकरं आली.

"ती कानफाटी. तिचं पाडस, लई अचपळ. मागं थांबलाय त्यो शिंगवाला लाजतुया."

"आजी, मला तर सगळी सारखीच दिसतात."

"मलाबी तुमी खाकीवालं समदं सारखंच दिसता. रोज आलात तर वळखीन."

मला हसू फुटलं. त्या आवाजानं कानफाटी कुत्र्यासारखी भुंकली आणि पाडस मागं पळालं. म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात ठेवून तिला सांगितलं, "अगं, भिऊ नगं. आपलाच हाय त्यो!"

कानफाटी मला निरखत पुढं आली आणि भिंत चाटू लागली.

वहीत मी लिहिलं, 'मागची भिंत सोडली. घरची मंडळी ती चाटतात.' साहेबांना वाटलं, लहान मुलं असतील. त्यांनी सही केली.