बुद्धी गेल्याचा कागद

अम्मानजवळच्या आमच्या सल्त गावात माणूस बुद्धीने गेला हे ठरवायला फार काही लागत नाही. त्याने तीन वेळा "काय?" म्हटलं की झालं.

उम्म राजी, म्हणजे राजीची आई, माझी शेजारीण. तिचा जिना आणि माझा जिना एकाच भिंतीला टेकलेले, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या देखत घडलेलं आहे. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. मठ्ठ माणूस मला दारातून आत येतानाच कळतो. त्या घरात असे दोन होते: थोरला मुलगा राजी आणि त्याची बायको सबाह.

पासष्टीच्या आसपास उम्म राजीचे कान गेले. कानात घालायची यंत्रं आणली, ती शिट्ट्या मारायला लागली आणि चमच्यांच्या खणात जाऊन पडली. मग तिने आपला एक मार्ग काढला. कोणी तोंड हलवलं की मान डोलवायची. जेवणार का? मान. चहात मिरमियाचा पाला टाकू का? मान. घरच्यांना हे फारच सोयीचं पडलं. विचारल्यासारखं होई आणि उत्तर ऐकत बसावं लागत नसे. तिचा नवरा अबू राजी गेला, तेव्हाही हेच. शेवटच्या दुपारी तो तिचा हात धरून कितीतरी वेळ पुटपुटत होता. ती मान डोलवत राहिली. राजी आणि सबाह पलंगाशेजारीच बसले होते.

पुढे सांगितलेलं तिच्या लक्षात राहीना. राहणार कसं, मुळात पोचलंच नव्हतं! पण सबाहने सासूबद्दल गल्लीभर करून टाकलं, "हाज्जेचं डोकं गेलं हो." अम्मानला एका डॉक्टरकडे नेलं, मीही गेले. त्या शहाण्याने तोंडावर मास्क बांधून तिला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. तिने मान डोलवली.

मी म्हटलं, "डॉक्टर, तिला ऐकू येत नाही."

"बाई, मी मोठ्यानेच बोलतोय," तो म्हणाला, आणि स्मृतिभ्रंश असं लिहून शिक्का मारला. सबाहने तो कागद काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कॉफीच्या कपांशेजारी उभा करून ठेवला. मुलाचं प्रगतिपुस्तकही कोणी इतक्या हौसेने ठेवत नाही.

अशातच धाकट्याचं, सख्रचं, लग्न ठरलं. सख्र अम्मानच्या एका बँकेत नोकरीला. पस्तिशीपर्यंत अडून बसलेला, शेवटी दलाल नावाच्या मुलीला हो म्हणाला. आता आमच्याकडे सोयरीक जुळवण्याआधी एक गोष्ट म्हाताऱ्या बायकांना विचारतात: दोन्ही घरांत दूध आहे का? एका बाईने दुसरीचं लेकरू पाजलं, की ते तिच्या पोटच्या पोरांचं भावंड झालं. मग त्यांच्यात लग्न नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतं. आणि आमच्या गल्लीचं हे डोकं म्हणजे उम्म राजी. राजीने विचारलं. दारातून, टीव्ही चालू असताना, एक पाय चपलेत घालून. "यम्मा, त्या घराशी आपलं दुधाचं काही नाही ना?"

तिने मान डोलवली. राजी दुसऱ्या पायातही चप्पल घालून निघून गेला.

सख्र मात्र वेगळ्या मातीचा. त्याला आपल्या वरातीत बायकांनी उठवलेला गलका आईच्या कानावर पडायला हवा होता. त्याने चौकशी केली आणि तिच्या कानामागे शस्त्रक्रिया करून आत यंत्र बसवून घेतलं. बाहेरून नाण्याएवढी चकती, केसांत चुंबकाने चिकटणारी. सबाह म्हणाली, "रिकाम्या घराला नवी घंटा." महिन्याने यंत्र चालू केलं तेव्हा उम्म राजी रडली, आनंदाने नव्हे. "सगळे डब्यात घातलेल्या बदकासारखे बोलताहेत," म्हणाली.

यंत्र जुळवणाऱ्या मुलीने मला समजावलं, की आता ऐकायची तालीम हवी. आणि हेही म्हणाली, की इतकी वर्षं हाज्जेचा मेंदू अर्धे शब्द ओळखण्यातच दमत होता, ते साठवायला त्राण उरत नव्हतं. आता तो भार उतरेल. सगळ्यांचंच सुधारतं असं नाही, पण पुष्कळांचं सुधारतं. त्या पोरीला मास्क काढून बोलायची अक्कल होती, म्हणून मी तिचं ऐकलं.

रोज सकाळी मी तिला वर्तमानपत्रातल्या मरणाच्या बातम्या वाचून दाखवायची. आमच्या म्हाताऱ्यांना दुसरं पान लागतच नाही. पहिल्या महिन्यात तिला नावं कळायची नाहीत. तिसऱ्या महिन्यात ती मला दुरुस्त करू लागली. "त्याची आई हैफाची नव्हे, नाबलुसची. आणि त्याला दूध कोणी दिलं, विचार!" पण बहिरेपणाच्या आठ वर्षांतलं काही निघालं की मलाच विचारायची. "हा मेला? कधी? मला कोणी सांगितलं नाही." ती वर्षं हरवलेली नव्हती, तिला कोणी दिलीच नव्हती. सहा महिन्यांनी त्या मुलीने परीक्षा घेतली. पाचपैकी पाच शब्द. राजी म्हणाला, "यंत्राने सांगितले असतील." मी त्याच्याकडे, वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघायचे, तसं बघितलं.

निकाहच्या तीन दिवस आधी आम्ही भेंडी निवडत बसलो होतो. सबाह मुलीकडच्या आमंत्रणांची नावं मोठ्याने वाचत होती; सासूला ती आजवर कोणी सांगितलीच नव्हती. "दलालच्या आईची आत्या शम्सा, झर्क्याला असते ती, हमदान भट्टीवाल्याची बहीण."

उम्म राजीचा हात थांबला. "दलालची आई कोण?"

"इनाम. तुम्ही पाहिलंय तिला."

"हमदान भट्टीवाल्याची इनाम? तिला मी पाजलंय. तिची आई तापात होती, नऊ दिवस. राजी एका बाजूला, इनाम दुसऱ्या. ती माझी लेक झाली. तिची पोर सख्रची भाची! हे लग्न होत नाही."

सबाहने राजीला हाक मारली. राजीने कपाट उघडून तो कागद काढला आणि आईच्या नाकासमोर धरला. "यम्मा, गप बस. गुरुवारी निकाह लावायला शेख येणार आहेत. सगळा गाव येणार आहे. तुझं डोकं ठिकाणावर नाही, इथे लिहिलंय."

"नऊ दिवस," ती म्हणाली.

सख्र दारात उभा होता. आपल्या भाचीशी निकाह लावायचा, की आईला कायमची वेडी ठरवायची, हे त्याला तीन दिवसांत ठरवायचं होतं. त्याने राजीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "मिस नजला, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय विचारतोस? जिला विचारायचं तिला विचार. आणि झर्क्याला त्या शम्साला फोन लाव, तिला आठवत असेल. पण बोलू दे आईला. तू नाही, मी नाही."

उम्म राजीने आठ वर्षांत फोन कानाला लावला नव्हता. यंत्रावर फोन सगळ्यात अवघड, हे मला माहीत होतं. तिने तो चकतीपाशी धरला, कपाळाला आठ्या घातल्या. पहिलं वाक्य दोनदा म्हणायला लावलं. राजी हसला. मग ती म्हणाली, "शम्सा, मी फिद्दा." तिचं नाव फिद्दा आहे हे मीसुद्धा विसरले होते.

सख्रने आवाज मोठा केला. शम्साचा घोगरा आवाज खोलीभर झाला. "फिद्दा! अगं, तू बोलतेस? मीच तर तिला कडेवर घेऊन रोज तुझा जिना चढायची, अकरा वर्षांची होते. नऊ दिवस. सोयरिकीचं कानावर आलं तसा मी तुझ्या राजीला फोन केला, म्हटलं, दुधाचं आईला विचार बाबा. तो म्हणाला विचारलं, ती नाही म्हणाली. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं असेल."

सख्रने आईच्या डोक्यावर ओठ टेकले, चकतीच्या जरा वर, आणि लग्न होणार नाही हे इनामच्या घरी सांगायला एकटाच जिना उतरला. त्याचं पुढे कसं झालं ते त्याचं त्याने सोसलं.

राजी मात्र उलटा आईवरच तापला. "मी विचारलं तेव्हा मान कशाला डोलवलीस? गावात आमचं तोंड काळं झालं!"

उम्म राजीने भेंडीचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं आता चांगली झाडेल. मी तर वाटच बघत होते. पण ती त्याच्या शेजारी सरकून बसली आणि चकती नीट चाचपून बसवली.

"राजी, तुझा बाप जाताना माझ्याशी इतकं काय बोलत होता रे? तू तिथे होतास. तुझे कान चांगले होते. मी तेव्हाही मानच डोलवत होते."

राजीने सबाहकडे पाहिलं. सबाहने कागद उचलून त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"आठवत नाही, यम्मा," राजी म्हणाला.