देवदयेच्या रविवारचा इंद्याल

मी दर पंधरा दिवसांनी कुमसाराला जाते. कुमसार म्हणजे फादरांपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायची आणि क्षमा घ्यायची. आमच्यातले बहुतेक जण नाताळ आणि ईस्टरच्या तोंडावर एकदाचं उरकून घेतात. मी मात्र खालापूरहून स्कूटी काढून कर्जतच्या आमच्या छोट्या चॅपेलमध्ये नेमानं हजर. याचा मला इतका गर्व होता की तो गर्वही मी दर खेपेला पाप म्हणून सांगायचे, आणि सांगून झाल्यावर आणखी थोडा वाटायचा.

चॅपेल एवढंसं. कुमसारासाठी वेगळी जागा नाही, म्हणून कोपऱ्यात दोरीवर फुलाफुलांची चादर टाकतात आणि मागे दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आतलं बाहेर स्वच्छ ऐकू येतं. त्यामुळे रांगेतल्या बायकांनी मोठमोठ्यानं दयेची माळ, म्हणजे मण्यांवर मोजत करायची प्रार्थना, म्हणत राहायचं, अशी आमची रीत. आतल्या बाईचं लांबलं की बाहेरचे आवाज आपोआप उतरतात. मीसुद्धा कितीदा उतरवलाय.

आता खरं सांगते. एवढ्या नेमानं जाऊन मी एक पाप दडवत होते. म्हणजे सांगत होते, पण भाजीवाला चांगल्या वांग्यांत एक किडकं सरकवतो तसं. ‘फादर, नवऱ्यावर चिडले, जावेचा हेवा केला, खोटं बोलले, माळ म्हणताना झोपले.’ झोपेचं मी इतकं रंगवून सांगायचे की फादर तिथेच अडकायचे. मग तीन प्रार्थना म्हटल्या की मी मोकळी.

ते खोटं असं. ईस्टरनंतरचा पहिला रविवार आमचा देवदयेचा सण. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली की सगळे घरून आणलेलं एकत्र बसून जेवतात. चार वर्षांपूर्वी मी मेयोनेज घालून बटाट्याचं सॅलड नेलं होतं. एप्रिलचं ऊन, डबा स्कूटीच्या डिकीत, आणि प्रवचन काही संपेना. डबा उघडला तर वास जरा आंबूस. मी वरून लिंबू पिळलं. संध्याकाळपर्यंत निम्मं चॅपेल संडासात बसलं होतं. फोनवर फोन सुरू झाले, आणि कुणी बोट दाखवायच्या आत मी म्हणून गेले, ‘मला तर तो इंद्याल शिळा वाटला गं.’

इंद्याल, म्हणजे व्हिनेगरातला झणझणीत रस्सा, कडावच्या मावशींनी केला होता. मावशी निवृत्त नर्स, पंच्याहत्तरीच्या. मूळच्या माझ्यासारख्याच वसईच्या, पण चाळीस वर्षं कडावात राहून बोली तिथलीच झालेली. त्यांच्या इंद्यालसाठी माणसं सणाची वाट बघायची. पुढच्या वर्षी त्यांनी केळी आणली. त्याच्या पुढच्या वर्षीही केळीच.

यंदा सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, चादरीमागे नवे फादर बसले होते. वयानं माझ्या मुलाएवढे. मी सवयीनं पापांची गाडी सोडली.

‘खोटं? कोणतं खोटं?’ फादर म्हणाले.

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मग काय झालं कोण जाणे, लिंबासकट सगळं बाहेर पडलं. बाहेरची माळ ठप्प. चादर हलायला लागली, तेव्हा कळलं की फादर हसतायत. हसू आवरून त्यांनी मला पापक्षमा दिली आणि म्हणाले, ‘देवानं माफ केलं. आता जाऊन त्यांना सांगा.’

‘फादर, त्यापेक्षा मी दहा माळा म्हणते ना.’

‘कडाव,’ फादर म्हणाले.

चादर बाजूला केली तर रांगेतल्या निम्म्या बायकांच्या हातात मोबाइल! माझ्याआधी बातमी पोचली तर संपलंच. मी स्कूटीला किक मारली. भीती वाटत होती आणि तरी मला हसू आवरत नव्हतं. चार वर्षांचं ओझं उतरलं होतं. कडावच्या रस्त्यानं मी एकटीच खिदळत चालले होते आणि बांधावरच्या म्हशी माझ्याकडे बघत होत्या.

पोचले तेव्हा तीन वाजले होते. मावशी येशूच्या तसबिरीपुढे बसून दयेची माळ म्हणत होत्या, आणि माळ चालू असताना त्या कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी नुसतं बोटानं बसायला सांगितलं. फळीवर त्यांचा फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. मी ‘दया कर, दया कर’ असं पन्नास वेळा म्हटलं, आणि एकदाही झोप आली नाही.

माळ संपताच मी एका दमात सगळं सांगितलं. फोन परत वाजला. मावशींनी उचलला. ‘सॅलडचंच ना? ती हितंच हाय. तिनं सांगितलं मला,’ एवढं बोलून ठेवला.

मग त्यांनी माळ गुंडाळून तसबिरीखाली ठेवली.

‘मला वाटलं माझाच हात गेला,’ मावशी म्हणाल्या. ‘पोरगा येतो, म्हनतो आई, इंद्याल कर. मी म्हनते, नाय रं, आता हाताला चव नाय राह्यली.’

माझं हसणं कुठल्या कुठे पळालं. सॅलडची लाज लपवायला मी या बाईकडून काय काढून घेतलं होतं, ते माझ्या चार वर्षांत एकदाही लक्षात आलं नव्हतं. मी ढसाढसा रडले.

‘रडू नको. फ्रीजात कोंबडी हाय, व्हिनेगर नाय. नाक्यावरून घेऊन ये.’

मी स्कूटी विसरून पळत गेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, साडी धरून, धापा टाकत. मावशींनी मिरच्या वाटल्या, रस्सा चढवला, आणि तास-दीड तासानं चमचा माझ्यापुढे केला.

‘चाख.’

मीठ जास्त झालं होतं. चांगलंच जास्त. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हातातला पदर मुठीत घट्ट धरून. ‘झकास’ हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला. चार वर्षांनी इंद्यालसाठी चूल पेटवलेल्या बाईला आणखी काय सांगायचं?

‘मीठ जास्त झालंय, मावशी,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, स्वतः चाखलं, डोळे मिटून.

‘झालंय खरं,’ त्या म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. ‘जा, पानी घाल वाईच. आन आता माफ केलं गं तुला.’