क्लिपचा पट्टा

काळेवाडीत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे आणि शेडमध्ये यांचा लेथ, लोखंड कातायचं मशीन. हे गेल्यापासून तो ताडपत्रीखाली झोपून होता. मुलगा चाकणच्या कंपनीत, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींवर. तो म्हणाला, "आई, भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, "मग त्याच टेम्पोत मलाही बसव."

मला लेथवर काही बनवायचं नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहून एकदा तो चालताना ऐकायचा होता, बस.

भोसरीहून एक मिस्त्री बोलावला. पन्नाशीचा, डोक्यावर जाळीची टोपी. सुरुवातीला नुसतं डिझेल आणि चिंध्या. गंज इतक्या मायेने पुसायचा, की नवी नवरी असताना माझं तोंडही कुणी असं पुसलं नव्हतं.

आणि ती नवरी तरी काय होती. साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेली, नाकाच्या शेंड्यावर राग. लेथचा चामडी पट्टा जिथे जोडला होता, तिथे लोखंडी क्लिप होती. दर फेरीला ती चाकावर आपटायची. टक, टक, टक, दिवसभर. चौथ्या दिवशी महाराणींनी विचारलं, "घरात मी राहायचं का तुमचं मशीन?"

हे म्हणाले, "मशीन माहेरी जात नाही."

मी दोन दिवस बोलले नाही. तेवढ्यात यांनी क्लिप काढली आणि पट्टा सरसाने चिकटवला. शेड एकदम मुकी झाली. मी जिंकले होते.

पण टकटक थांबली की मी चहा टाकायची, हे हात धुऊन येईपर्यंत तो व्हायचा, ही सवय मला कधी लागली ते कळलंच नव्हतं. आता हे अचानक दारात उभे. मी एकदा आधीच केला, तर निवून साय धरली. एकदा यांचा आवाज येतो का म्हणून कान देत बसले आणि दूध उतू गेलं. "क्लिप परत लावा" म्हणायला मात्र जीभ वळेना. मी म्हटलं, "तो सरसाचा जोड काही टिकायचा नाही, बघा."

यांनी जोडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी टकटक सुरू. कधी चिडवलं नाही मला. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, आज तेवढं तरी आठवायला असतं.

तर मिस्त्री म्हणाला, "काकू, जुना पट्टा गेलाय. रबरी व्ही-बेल्ट टाकतो, आवाज गुल."

"चामडी पट्टाच लावा. क्लिपचा."

"अहो, लोक आवाज जावा म्हणून बोलावतात मला."

"मला तो परत आणायचाय."

तो हसला. कुठून कुठून शोधून पट्टा आणला, क्लिप ठोकली. "काकू, चालू करतो हां," शेडमधून ओरडला. मी ओट्यापाशी गेले.

आधी काहीच नाही. मग टक. टक. टक. तीच. मी डोळे मिटले नाहीत, उगाच नाटक कशाला. ओट्यावरची मिठाची बरणी पुसत राहिले, पुसलेलीच होती तरी.

"बंद करू का?"

"राहू दे जरा."

जरा म्हणता म्हणता बराच वेळ गेला. थांबला की काय होणार, ते मला ठाऊक होतं. मग मिस्त्रीनेच बंद केला. त्याला दुसरीकडे जायचं होतं.

माझ्या हाताला कुणी सांगितलं कोण जाणे, गॅसवर पातेलं चढलं. मागच्या दाराशी नळ सुटला, चपला घासल्या. मी न बघता कप पुढे केला.

मिस्त्री घोट घेऊन म्हणाला, "काकू, साखर कमी झालीय."

कमी नव्हती. यांना तेवढीच लागायची.